डोळे ह्यांचे, हात माझा

आईतवार, ता. ६ डिसेंबर १९३६, शहापूर

वैद्यबुवा म्हणाले, रोज काय हाललं, काय पोटात गेलं ते लिहून ठेवा. चौथीपर्यंत शाळेत गेलेय, तेव्हा लिहायला माझं काय जातंय! वही ह्यांचीच. अर्ध्यापर्यंत बुद्धिबळाचे डाव उतरवलेत, पुढची पानं कोरी आहेत.

उजवा हात: नाही. उजवा पाय: अंगठा हालला, की मला तसं वाटलं देव जाणे. बोलणं: फक्त "हं". डावा हात धडधाकट आहे, पण त्याचा उपयोग शून्य. डाव्या हातानं घास घेणार नाहीत, देवाला हात जोडणार नाहीत, पटावरच्या मोहऱ्याला तर शिवणारच नाहीत. तो हात मांडीखाली दडपून बसतात. मेला हट्ट तेवढा शाबूत राहिलाय.

दिवाळीच्या पाडव्याला मागावर बसल्या बसल्या कलंडले त्याला तीन आठवडे झाले. बघायला येणारी माणसं ह्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात. आज एकजण म्हणाला, "नागोजी लई मोठा खेळणारा व्हता गं, अंबुबाई." व्हता म्हणे! जिता माणूस समोर बसलाय आणि हा त्याचं व्हता करून मोकळा. चहा न देताच वाटेला लावला.

बुधवार, ता. ९

दुपारी भावकू भावजी आले, म्हणजे माझे दीर. त्यांच्या संगती वाचनालयाचे चिटणीस आण्णाप्पा. दोघं चुळबुळत बसले तेव्हाच ओळखलं, काहीतरी ओंगळ बातमी आहे.

वाचनालयात भिंतीला एक काळा फळा आहे. त्यावर खेळणाऱ्यांची नावं, जो सगळ्यांना भारी त्याचं सगळ्यांत वर. अकरा वर्षं वरचं नाव ह्यांचं आहे. वरच्यानं संक्रांतीनंतरच्या आईतवारी आव्हान घ्यायचं, नाही घेतलं तर नाव पुसायचं, असा नियम. औंदा आव्हान दिलंय कॅम्पातल्या, इंग्रजाच्या छावणीतल्या, शाळेच्या ज्योतिबा मास्तरांनी. आणि खेळ देशी नव्हे, विलायती. कमिटीनं ठरवलंय म्हणे.

आण्णाप्पांचं घरचं बोलणं कानडी, मराठी तोलून मापून बोलतात. "अक्का, नागोजी आता बसू शकत नाही. तुमीच नाव मागं घ्या. पुसण्यापेक्षा बरं दिसतंय."

भावजी खाली बघत म्हणाले, "दादाची इज्जत ऱ्हाईल, वैनी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. वैद्यबुवा म्हणतात, ह्या दुखण्यात डोळे असेच गळतात. वैद्यबुवांना काय कळतंय! ह्या माणसाला मागाचा अभिमान नाही, घराचा नाही, त्या फळ्यावरच्या एका ओळीचा आहे. ती पुसली तर हे उठायचे नाहीत, आहेत तसेच भिंतीकडे बघत संपून जातील.

"खेळतील," मी म्हटलं.

"कसं खेळतील? हात कुठाय?"

"हात माझा. डोळे ह्यांचे."

भावजी हसले. आण्णाप्पा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "नियमात हात कुणाचा ते लिवलेलं नाही." भला माणूस आहे.

गुरुवार, ता. १०

सकाळी पट मांडला. आमच्यात बायका पटाला शिवत नाहीत. माग बैठकीच्याच खोलीत, त्यामुळं एकवीस वर्षं मी विणत बसले आणि पाठीमागं ह्यांचे डाव चालले. हत्ती कुठं गेला, घोडा कुणी खाल्ला, सगळं कानानं ऐकलेलं. कितीदा धोटा फेकता फेकता मनात म्हटलंय, तो उंट नका काढू हो, आणि ह्यांनी काढला नाही की बरं वाटायचं. पण शिवले आज. घोडा उचलला तर केवढा हलका निघाला!

आमची खूण अशी ठरली. मी मोहऱ्यावर, मग घरावर बोट ठेवायचं आणि तोंडाकडे बघायचं. तोकडं "हं" म्हणजे न्हाय, लांब "हंऽ" म्हणजे व्हय. तासाभरात मला फरक कळायला लागला. दुसऱ्याला कळायचा नाही. त्याला संसार केलेला असावा लागतो.

आण्णाप्पांनी विलायती नियम लिहून दिलेत. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, आपल्यासारखं एकेक घर रांगायला नको. आणि आपल्यात राजाला शह लागलेला नसला तर एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते, ती विलायतीत नाही. त्याच्या बदल्यात राजाला हत्तीच्या आडोशाला कोटात घालायचं. राजानं उडी मारायची नाही, आणि घर बांधून बसायचं. इंग्रजाचा राजा, दुसरं काय करणार!

पोटात: भाकरी कुस्करून दूध, अर्धी वाटी. पट मांडल्यावर आणखी दोन घास. हे मुद्दाम लिहून ठेवते.

आईतवार, ता. १३

ज्योतिबा मास्तर घरी आले होते. आण्णाप्पांनीच सुचवलं, आधी सरावाचे डाव खेळून बघा, मग काय ते ठरवा. मास्तर तिशीतले, चष्मा, कॅम्पातून सायकलवर. तिकडची हद्द इंग्रजाची, इकडची सांगलीकर संस्थानिकांची, तेवढ्यावरून मास्तरांना आपण परदेशात आल्यासारखं वाटतं की काय कोण जाणे. पण पायातलं बाहेर काढून आत आले आणि ह्यांच्या पाया पडले. तेवढं बरं केलं.

पांढरी मोहरी त्यांची. राजापुढचं प्यादं दोन घरं. आम्हीही तेच. लगेच त्यांनी उंटापुढचं प्यादं ढकललं ते सरळ आमच्या प्याद्याच्या तोंडात. मला वाटलं चुकले.

"मास्तर, हात मागं घ्या. मरतंय ते."

"दिलंय ते, वहिनी. घ्या."

मी ह्यांच्याकडे बघितलं. "हंऽ." घेतलं.

मग ते घेतलेलं राखायला आम्ही कडेची प्यादी दामटली. त्यांत त्यांचा घोडा सापडला. घोडा पळवायचा सोडून ह्या माणसानं निवांत राजा कोटात घातला! मी परत ह्यांच्याकडे बघितलं. "हंऽ." घोडापण खाल्ला. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. एक प्यादं, एक घोडा, पुढं एक उंटसुद्धा पदरात पडला.

त्यानंतर त्यांचा वजीर, हत्ती आणि राहिलेला उंट असे तिघं मिळून आमच्या राजाच्या शेजारच्या एकाच घरावर तुटून पडले. आमची खंडीभर मोहरी घरात झोपलेली. सोळाव्या चालीला मात.

मास्तर म्हणाले, "ह्या डावात द्यायचं असतं, वहिनी. देणारा जिंकतो." आणि गूळपाणी पिऊन गेले.

देणारा जिंकतो म्हणे. लाज वाटायला पाहिजे. ही लढाई झाली की मासे पकडणं झालं?

सोमवार, ता. १४

काही हाललं नाही. दिवसभर विणलं, तीनदा धागा तुटला.

आईतवार, ता. २०

आज दुसरा डाव. ठरवूनच बसलो होतो, ह्या माणसाच्या हातचं कणभर घ्यायचं नाही. प्यादं दिलं, घेतलं नाही. उंट पुढं केला, बघितलंसुद्धा नाही. मास्तरांनी भुवई वर केली, मला गुदगुल्या झाल्या. पण न घेता न घेता आमची मोहरी एकमेकांच्या पायात अडकली, आणि ते सावकाश सगळ्या पटावर पसरले. दोन तास लागले एवढंच. हरलो ते हरलोच.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. मधेच एकदा मी हत्तीवर बोट ठेवलं आणि वर बघितलं तर ह्यांचे डोळे मिटलेले. तरी "हंऽ" आलं. लांब आलं. मी हत्ती हलवला.

डोळे मिटूनही पट दिसतो ह्यांना. पूर्वी अंथरुणावर पडल्या पडल्या चाली सांगायचे, मी ऐकलंय. त्यात नवल काही नाही.

भावजी दारातनं म्हणाले, "वैनी, आता तरी नाव मागं घ्या. दोन झाले." मी म्हटलं, "मोजायला बोलवलं नव्हतं तुम्हाला."

सोमवार, ता. २८

सापडलं!

आठवडाभर तो पहिला डाव परत परत मांडतेय. सकाळी मागावर बसायच्या आधी एकदा, दुपारी एकदा. ह्यांना उशीला टेकवून समोर बसवते. मास्तरांच्या चाली मी खेळते, आमच्या ह्यांना विचारून. नवव्यांदा मांडताना ध्यानात आलं की मास्तर देतात ते उदारपणानं नव्हे. आपण खायला एक चाल घालवतो, तेवढ्यात त्यांचं एक मोहरं घराबाहेर पडतं. आपण खाल्लेलं राखायला आणखी एक चाल, त्यांचं आणखी एक बाहेर. आपण हावरटासारखं खात बसायचं आणि त्यांनी दार फोडायचं. असा सगळा कावा आहे.

तेव्हा घ्यायचं. न घेता भागत नाही, ते दुसऱ्या डावात कळलं. पण घेतलं की तिथंच थांबायचं, पुढं उंट देतील तो बघायचासुद्धा नाही, आपली मोहरी भराभर बाहेर काढायची. आणि ते अंगावर आले की घेतलेला घोडा त्यांच्या तोंडावर परत फेकायचा, बदल्यात त्यांचा वजीर पटावरनं काढायचा. वजिरावाचून हा माणूस काय करतोय बघू.

परत द्यायचं हे मला लई जड गेलं. माझ्या हातात आलेलं सुटत नाही, माझी आईसुद्धा म्हणायची. म्हणूनच ही युक्ती माझी असणं शक्य नाही. मी घोड्यावर बोट ठेवलं, म्हटलं, "हा परत द्यायचा, असंच सांगताय न्हवं?" तर एवढं लांब "हंऽ" आलं की डोळेच भरले माझे. डोकं कसं चाललंय बघा ह्यांचं! आणि लोक व्हता म्हणतात.

पोटात: पूर्ण भाकरी. उजव्या हाताचं मधलं बोट, नक्की.

आईतवार, ता. ३ जानेवारी १९३७

भावजींशी भांडण झालं. असं झालं.

मी पट मांडून बसले होते. ते येऊन शेजारी टेकले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "वैनी, दादा खेळत न्हाय. तुमी खेळताय."

"मी? मला काय येतंय?"

"बघा तर." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "दादा, ही भिंत निळी हाय न्हवं?"

"हंऽ," हे म्हणाले. भिंत पांढरी आहे. आत्ता दसऱ्याला मीच चुना दिलाय.

"दादा, मी काल मेलो न्हवं?"

"हंऽ."

"बघिटलं? सगळ्याला हं म्हणतोय त्यो. तुमी बोट ठेवताय आणि त्यो हं म्हणतोय. वैनी, लोकात हसू हुईल. दादाच्या नावाखाली बाई खेळली म्हणतील."

माझ्या अंगाचा असा भडका उडाला! म्हटलं, "असले खुळचट प्रश्न विचारल्यावर शहाण्या माणसानं दुसरं काय म्हणायचं? तुमच्यासारख्याशी वाद घालायचा? मी त्यांच्या जागी असते तर, तुम्ही काल मेलात का विचारल्यावर, मीपण व्हय म्हटलं असतं."

भावजी उठून गेले. जाताना त्यांचे डोळे ओले होते. ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

निळी भिंत म्हणे. संध्याकाळच्या उन्हात तो कोपरा थोडा निळसर दिसतोच.

गुरुवार, ता. १४

संक्रांत. हळदीकुंकवाला गेले. मालुबाई चारचौघींत म्हणाली, "ऐकलंय ते खरं का गं? वाचनालयात पुरुषांच्यात बसणार म्हणे." मी तिळगूळ तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "व्हय. नवऱ्याशेजारी बसणार. तू कुणाच्या शेजारी बसतीस?" सगळ्या हसल्या. मालुबाईसुद्धा हसली, मग मला तिच्याशी गोड बोलावंच लागलं.

दोन्ही डावांतल्या चाली तोंडपाठ आहेत. ह्यांना आज नवं धोतर दाखवलं. हं.

आईतवार, ता. १७

हात दुखतोय, पण आजचं आजच लिहिणार.

ह्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वाचनालयात नेलं. भावजी सगळ्यांत पुढं. भांडलेला माणूस, पण खांदा द्यायला पहिला आला. खोली गच्च. येळ्ळूरपासनं माणसं आली होती. मी पदर घट्ट खोचला आणि ह्यांच्या उजव्या बाजूला पाटावर बसले. कुणीतरी मागून खाकरलं. मी वळून असं बघितलं की परत खाकरलं नाही.

आण्णाप्पा पंच. नियम वाचून दाखवला, "शिवलेलं मोहरं हलवलंच पाहिजे. दोघांनाही."

मास्तरांनी तोच डाव धरला. मला ठाऊकच होतं. प्यादं दिलं, घेतलं. कडेची प्यादी दामटली, घोडा सापडला. त्यांनी राजा कोटात घातला आणि माझ्याकडे बघून हसले. घोडा घेतला. त्यांचा वजीर उतरला, आमचा वजीर समोर. त्यांनी आणखी एक प्यादं दिलं, तेही घेतलं. आणि तिथं थांबलो. उंट बाहेर काढला, एक घोडा बाहेर काढला, दुसरा घोडा बाहेर काढला. प्रत्येक वेळी मी बोट ठेवायची, हे "हंऽ" म्हणायचे. मास्तरांचं हसू कमी कमी व्हायला लागलं.

बाराव्या चालीला त्यांनी घोडा आणून आमच्या गळ्यापाशी उभा केला. त्यांचे दोन्ही हत्ती, वजीर, उंट, सगळ्यांची तोंडं आमच्या राजाकडे. राजा अजून जन्मघरीच. मी पटाकडे बघत होते. काय करायचं ते मला दिसत नव्हतं. कुठल्या मोहऱ्यावर बोट ठेवू, तेच कळेना, म्हणून ह्यांच्याकडेसुद्धा बघितलं नाही.

तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोरून एक हात गेला. डावा हात.

ह्यांनी राजा उचलला. उचलला आणि घोड्याच्या चालीनं अडीच घरं उडवून कोपऱ्याजवळच्या मोकळ्या घरात नेऊन ठेवला. आपल्या देशी खेळात ह्याहून झकास चाल नाही. तिथं राजाला कुणी हात लावू शकलं नसतं. ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

सगळी खोली एकदम हसली. कुणी म्हणालं, "नागोजी देशी खेळतोय रं!" मास्तर हसले नाहीत, हे खरं तर लिहायला पाहिजे. आण्णाप्पा सावकाश म्हणाले, "ही चाल विलायतीत नाही. राजा परत घरात ठेवा. पण राजाला शिवलंय, राजाच हलवायला लागंल."

मला हसण्याचं काही वाटलं नाही. मला दुसरंच काहीतरी कळलं. सहा आठवडे विलायती खेळतोय आम्ही. राजाला उडी नाही हे पहिल्याच दिवशी मी वाचून दाखवलं होतं, "हंऽ" म्हणाले होते. म्हणजे त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. मग ते प्यादं कुणी घेतलं? घोडा परत द्यायचं कुणी ठरवलं? भिंत पांढरीच होती. मला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं, आणि मी ते ठाऊक करून घेत नव्हते.

भावजी मागून हळू म्हणाले, "वैनी, आता पुरे. उठा."

त्या "उठा"नं मी भानावर आले. उठा? का उठू? समोर पट आहे, राजा जिता आहे, एक घोडा आणि दोन प्यादी जास्त आहेत. आणि ती सगळी मी मिळवलीत. दुसऱ्या कुणी नाही, मी.

"गप बसा, भावजी," मी मोठ्यानं म्हटलं.

मग मी पहिल्यांदा कुणाच्या तोंडाकडे न बघता पट बघितला. राजाला जायला जागा मोजून तीन. एक, कोटात. मास्तरांची नजर तिथंच होती, म्हणजे तिथं त्यांनी काहीतरी मांडून ठेवलं होतं. बघितलं तर खरंच, घोडा घोड्याला मारून शह देत होता आणि घर कोसळत होतं. दोन, उंटाच्या रिकाम्या घरात. तिथं हत्तीची तोफ. तीन, वजिराच्या रिकाम्या घरात, बरोबर मधोमध, उघड्यावर. कुठला विलायती राजा असा उघड्यावर चालत जात नाही. पण आमचे राजे आयुष्यभर पटावर पायी हिंडलेत, मी पाठीमागनं ऐकलंय. आणि तिथं उभा राहिला की मास्तरांचा घोडा जिथं झडप घालणार होता ते घर राजा स्वतःच राखत होता.

राजा एक घर बाजूला सरकवला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. परत घातला.

त्यानंतर त्यांनी हल्ला केला, पण दार हलत नव्हतं. चार चालींनी मी तो घोडा त्यांच्या तोंडावर फेकला. घेतला त्यांनी, घ्यावाच लागला, आणि बदल्यात दोन्ही वजीर पटावरनं गेले. वर आणखी एक प्यादं परत दिलं. एवढं दिल्यावरसुद्धा माझ्याकडे एक प्यादं जास्त राहिलं. एका प्याद्याचा खेळ कसा ओढायचा हे अकरा वर्षं ह्या फळ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या पाठीमागं बसून ऐकलंय मी. तासाभरानं ते प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि मास्तरांनी आपला राजा आडवा केला.

खोलीत एकच ओरडा झाला. सगळे ह्यांच्या गळ्यात पडले. "नागोजी, वाघा!" "काय राजा चालवलास रं!" मास्तरांनी ह्यांच्या पायाला हात लावला. मग उठून माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. ह्यांना खांद्यावर घेऊन माणसं बाहेर पडली. मी मागं राहून मोहरी डब्यात भरली. रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

सोमवार, ता. १८

सकाळी ह्यांना तोंड धुवून उशीला टेकवलं. म्हटलं, आज ह्या घरात एकच माणूस खरं बोलणार आहे आणि ती मी आहे. पट मांडला, कालचा डाव पहिल्यापासून लावला.

पहिलं प्यादं उचललं. "हे तुमी सांगितलंत?"

ह्यांनी बराच वेळ पटाकडे बघितलं. ओठ हालले. मी "हं"ची वाट बघत होते.

"न्हाय."

प्यादं हातातून पडलं. एवढ्या दिवसांत ह्या तोंडातून "हं"शिवाय अक्षर निघालं नव्हतं. वाकडं, ओलं, पण "न्हाय"च होतं. मी घाईनं घोडा उचलला. "हा घ्यायचा सांगितलंत?" "न्हाय." "आणि परत द्यायचा?" "न्हाय." पुढं पुढं तर मी मुद्दामच विचारत गेले, प्रत्येक चालीला, आणि हे प्रत्येक चालीला "न्हाय, न्हाय" करत गेले. माझ्या डोळ्यांतनं पाणी आणि तोंडात हसू. म्हटलं, "भिंत निळी हाय?" "न्हाय." "भावकू भावजी मेलेत?" ह्यांनी असं बघितलं माझ्याकडे, जसं पूर्वी भाजीत मीठ जास्त झालं की बघायचे. "न्हाय!"

एकही चाल ह्यांची नव्हती, आणि मला काडीचं वाईट वाटेना. न्हाय म्हणतोय तो माणूस! ज्याला न्हाय म्हणता येतं तो कुठं गेलेला नसतो.

शेवटी राजा राहिला. विचारू की नको असं झालं. विचारलंच. "आणि ह्याला? ह्याला डावा हात का लावलात? आयुष्यात कधी लावला न्हाई तो?"

लई वेळ लागला. कपाळाच्या शिरा फुगल्या. मी म्हटलं असू दे, तर मानेनं थांब म्हणाले.

"भ्या... भ्यालो."

"कुणाला? मास्तराला?"

"न्हाय." डावा हात मांडीखालून काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. "तु... तुझ्या... साठी."

अकरा वर्षं ज्याला कुणी हरवलं नाही, तो भर सभेत माझ्यासाठी भ्याला आणि ज्या हाताला आयुष्यभर बाटका म्हटलं त्याच हातानं राजा उचलून पळाला. तेवढी एकच चाल त्यांची, आणि तीच चुकीची. मग मनगट न सोडवता म्हटलं, "तुमी भ्यालात. मी न्हाय भ्याले."

"न्हाय," हे म्हणाले.

दुपारी आण्णाप्पा आणि भावजी पेढे घेऊन आले. मास्तरांनी परत डाव मागितलाय, पुढच्या आईतवारी. भावजींनी विचारलं, "दादा, खेळणार न्हवं?" ह्यांनी "न्हाय" म्हटलं आणि माझ्याकडे हात केला. भावजींच्या हातातला पेढा खाली पडला. मी आण्णाप्पांना म्हटलं, फळ्यावर ह्यांच्या नावाखाली माझं नाव घाला. ते म्हणाले, अक्का, कमिटीला विचारावं लागंल. मी म्हटलं, विचारा. आणि कमिटीला सांगा, ज्याला पसंत नसेल त्यानं काळी घ्यावीत की पांढरी ते ठरवून माझ्यासमोर येऊन बसावं.